मेल्यावर पाजू नका

माझ्या भावाने मरायच्या आधी माझ्यावर एकच काम टाकलं. पोरं बघ, बायकोला सांभाळ, असलं काही नाही. म्हणाला, "बाय, मेल्यावर मला दारू पाजू देऊ नको." आणि मी अक्कलशून्य, "हो" म्हणून बसले.

तुम्ही म्हणाल, मेलेल्याला कोण पाजतं? आमच्यात पाजतात. आम्ही वारली जमातीचे. माणूस गेला की त्याच्या दिवसाला भगत त्याला बोलावतो. मग जमलेल्यांपैकी कोणाच्या तरी अंगात तो येतो, बोलतो, काय हवं ते मागतो. मागेल ते द्यायचं. विडी मागितली तर विडी, कोंबडी मागितली तर कोंबडी. नाही दिलं तर तो जात नाही, दाराशी घुटमळत बसतो आणि घरातल्यांना ताप आणतो. आणि आमच्या पाड्यावर आजवर जेवढे गेले, त्या सगळ्यांनी आल्या आल्या दारूच मागितली. माझ्या सासूला पोटाचं दुखणं होतं, तिने उभ्या जन्मात दारूला तोंड लावलं नाही. तिनेसुद्धा मागितली! ती जिच्या अंगात आली होती तिला मात्र फार आवडायची, पण ते जाऊ द्या.

तर अशा पाड्यावर मला माझ्या भावाला कोरडा ठेवायचा होता.

मी नवसी. बोईसरच्या शाळेत झाडू मारते, घंटा देते, पोरांची भांडणं सोडवते. शाळेतल्या बायांचं ऐकून ऐकून माझी बोली अशी झाली. पाड्यावर मला "म्याडम" म्हणून चिडवतात. चिडवा म्हणावं. संतापले की माझी मूळची बोली बाहेर येते, तेव्हा कोणी चिडवायला थांबत नाही.

भाऊ माझा जिवल्या. माझ्यापेक्षा लहान, हाडं मोजून घ्यावीत असा बारीक, आणि तोंडावर कायम हसू. बोईसरला कारखाने उभे राहायला लागले तेव्हा आमचे सगळे गडी तिकडे धावले. जिवल्या एका रंगाच्या कारखान्यात पिंपं चढवायच्या कामाला लागला. संध्याकाळी घरी यायचा तो एक दिवस निळा, एक दिवस लाल. त्याची पोरगी भागी लहान असताना विचारायची, "बा, उद्या कोनता?"

पण ती झाली पोटाची नोकरी. पाड्यावरचं त्याचं खरं काम वेगळंच. आमच्याकडे लग्न असो, देवाचं असो की कोणाचा दिवस असो, दारू वाटायला एक माणूस ठरलेला असतो. मडक्यातून पळसाच्या पानाच्या डोण्यात ओतायची आणि हाताहातात द्यायची. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही, नाहीतर मंगल कार्यात डोकी फुटायची. जिवल्याचा हात असा सरळ की दहा गावांतून त्याला बोलावणं यायचं. मात्र वाटणाऱ्याची स्वतःची रीत होती. सुरू करायच्या आधी एक डोणा स्वतःला. मधे दम लागला म्हणून एक. शेवटच्या माणसाला दिल्यावर सुटलो एकदाचा म्हणून एक. आणि मडक्याच्या तळाशी जे उरेल ते देवाला द्यायचं, तर देव म्हणे जिवल्याकडेच ठेवायला सांगायचा.

पिऊन तो कोणाला मारायचा नाही, शिवी द्यायचा नाही. झोपायचा. जिथे पाय थकले तिथे. भाताच्या खाचरात झोपला, चिल्हार रस्त्याच्या कडेला खडीच्या ढिगावर झोपला. एकदा माझ्या शाळेच्या व्हरांड्यात झोपला. मोठ्या सरांनी विचारलं, "नवसी, हे कोण?" मी म्हटलं, "काय माहीत सर, वाटसरू असेल." तर हा पडल्या जागेवरून ओरडतो, "बाय, च्या टाक गं!"

आता हसू येतं. तेव्हा त्याच्या बायकोला येत नव्हतं. ठमी माझी भावजय. मोजकं बोलणारी, खाली मान घालून राबणारी. वीटभट्टीवर जायची, गवत कापायची, लोकांच्या शेतात लावणी करायची. घरात तांदूळ असायचे ते ठमीच्या हातचे. नवरा कुठे पडला असेल ते शोधायला ती कंदील घेऊन निघायची तेव्हा मला त्याचं डोकं फोडावंसं वाटायचं. मी ते त्याला सांगायचेही. तो म्हणायचा, "फोड. पन हलू फोड, आधीच दुखतंय."

त्याला मी सांगून पाहिलं, रडून पाहिलं, एकदा केरसुणीने झोडपूनही पाहिलं. काही उपयोग झाला नाही. दारू सुटली ती भागीमुळे.

भागी लग्नाच्या वयाची झाली होती. आमच्यात मागणी अशी होते. मुलाकडचे दारू घेऊन येतात. मुलीच्या बापाला पटलं तर तो त्यांच्या हातची पितो. प्याला की शब्द दिला. मग मागे फिरणं नाही. सहीबिही काही नाही, डोणा रिकामा झाला की काम पक्कं. तर एका रविवारी सकाळी मनोरकडचे लोक आले. ठमी भट्टीवर होती, मी पालघरच्या बाजारात. घरात एकटा जिवल्या. त्याने पाहुण्यांना बसवलं, त्यांची दारू प्याला, "पोरगी तुमची" म्हणाला. पाहुणे खूश होऊन गेले. हा अंगणात आडवा झाला.

संध्याकाळी नदीपल्याडचे लोक आले. तेही भागीलाच मागायला, तेही दारू घेऊन. जिवल्या डोळे चोळत उठला. पाहुणे आलेत, डोणा पुढे आलाय, एवढंच त्याला दिसलं. सकाळचं सगळं कधीच पुसलं गेलं होतं. हा गडी त्यांचीही प्याला आणि म्हणाला, "पोरगी तुमची!"

आता बोला. आमच्या अख्ख्या जातीत असं कोणी केलं नसेल. दारू चोरून प्यालेले आहेत, उसनी प्यालेले आहेत, पण एका पोरीच्या नावाची दोन ठिकाणची दारू प्यालेला माझा भाऊ पहिलाच.

आठ दिवसांनी दोन्हीकडचे पुढचं ठरवायला एकाच दिवशी आले. बांधावर एकमेकांना भेटले, विडी पेटवून घेतली, "कुठे निघालात?" झालं, आणि मग जो आरडाओरडा झाला तो मला शाळेपर्यंत ऐकू आला असता, पण त्या दिवशी सुट्टी होती. पंच बसले. पंचांनी न्यायाची गोष्ट केली. ज्याची दारू आधी प्याला, पोरगी त्याची. "जिवल्या, आधी कोनाची प्यालास?" जिवल्याने दोन्हीकडे पाहिलं. डोकं खाजवलं. म्हणाला, "नाय आठवत. पन दोन्ही चांगल्या होत्या."

लोक हसले. पंचसुद्धा हसले. तेवढ्यात भागी आतून बाहेर आली. आमच्यात पोरी अशा बैठकीत बोलत नाहीत, पण ती बोलली. म्हणाली, "बा दोघांची प्याला. मी कोनाचीच नाय प्याले. मी कोनाची नाय." मग ती बापाकडे वळली. "बा, तुला प्यायची तं पी. पन माझ्या नावाची नको पिऊ."

एवढंच म्हणाली आणि आत गेली. जिवल्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस निघून गेल्यासारखं झालं. दोन्हीकडच्यांना कोंबडे कापून जेवण घालायचा जिवल्याला दंड झाला. त्या जेवणात दारू वाटायला जिवल्याच होता. सगळ्यांना वाटली. स्वतः नाही प्याला. आम्हाला वाटलं, लाजला असेल, उद्या पिईल.

उद्या नाही प्याला. परवाही नाही. मग त्याचे हात कापायला लागले, घाम फुटायला लागला. घरातल्या कोपऱ्यात बसून कुडकुडायचा आणि कुडावर मुंग्या चालल्यात म्हणायचा. मुंग्या नव्हत्या. ठमी त्याच्या तोंडात गुळाचा खडा ठेवायची आणि गप्प बसून राहायची. मी शाळेतून येताना दूध आणायचे. आम्हा दोघींना वाटलं, हा जातो आता.

पाड्याला काय वाटलं माहीत आहे? पाड्याला वाटलं, जिवल्यावर कोणीतरी करणी केली! चांगला पिता खाता माणूस अचानक पीत नाही, म्हणजे काय? त्याचा जिवाभावाचा दोस्त भिका, सुका नावाच्या भगताला घेऊन आला. लहानपणापासून जिवल्या आणि भिका एकाच डोण्यातून पिणारे. भगताने सुपात दाणे टाकले, पुन्हा पुन्हा टाकले, मान हलवली आणि सांगितलं, "बाहेरची बाधा हाय. एक कोंबडी नि एक बाटली लागेल. बाटली ह्यालाच पाजायची." मी केरसुणी उचलली. भगत सुपासकट पळाला. दाणे मात्र आमच्या कोंबड्यांना मिळाले.

जिवल्या उठला. महिनाभरात कामाला लागला. कारखान्याच्या दारावर एक उत्तरेकडचा वॉचमन होता, तो रोज सकाळी ह्याला थांबवायचा. "मुँह खोल." जिवल्या तोंड उघडायचा. वॉचमन वास घ्यायचा आणि पुन्हा घ्यायचा. "क्या खाके आया? बास काहे नहीं आती?" वास येत नाही म्हणून तो जास्त संशय घ्यायचा. जिवल्या सांगायचा, "सोडली मी." वॉचमन हसायचा. सगळेच हसायचे. दारू सोडली असं सांगणारे त्याने फार पाहिले होते, आणि खरं सांगायचं तर आम्हीही.

वाटायचं काम त्याने सोडलं नाही. मी म्हटलं, "मेल्या, आगीजवळ कशाला बसतोस?" तो म्हणाला, "बाय, वाटायचं मला येतं. पियाचं सगल्यांनाच येतं." आणि खरंच, आता मडकं शेवटपर्यंत पुरायला लागलं. लोक आधी खूश झाले. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की ह्यात एक घोळ आहे. अख्ख्या मांडवात एकच माणूस शुद्धीवर, आणि त्याला सगळं आठवतं! कोण कोणाच्या गळ्यात पडून रडला, कोणी सासऱ्याला काय म्हटलं, सगळं. भिकाने एका लग्नात छाती ठोकून सांगितलं, "जिवल्या, माझा बोकड तुझा!" दुसऱ्या दिवशी सकाळी जिवल्या दोरी घेऊन त्याच्या दारात हजर. भिका पांढराफटक. कसला बोकड, कुठला बोकड? जिवल्याने बोकडाच्या गळ्यात दोरी बांधली, पाड्याला एक फेरी मारली आणि परत आणून खुंट्याला बांधला. म्हणाला, "फिरवायला नेला व्हता." त्यानंतर भिका त्याच्यासमोर पिताना तोंडावर हात ठेवून बोलायचा.

पुढे दोनेक वर्षांनी भागीला पुन्हा मागणी आली. मुलगा भागीने स्वतःच हेरून ठेवला होता, तो भाग वेगळा. मुलाचा बाप डोणा भरून पुढे झाला. जिवल्याने डोणा हातात घेतला, सगळी दारू जमिनीवर धरतरीला सोडली आणि डोणा पालथा ठेवला. "पोरगी तुमची." मुलाचा बाप चपापला. "प्याल्याबिगर शबूद कसा?" जिवल्या म्हणाला, "प्यालेला शबूद मी दोन टायमाला दिलाय, दोन्ही फुकट गेले. हा न प्यालेला पयलाच हाय. जपून ठेवा." भागी दाराआड उभी होती. ती पुढे आली आणि बापाच्या पायाशी बसली. मी कशाला खोटं बोलू, माझे डोळे भरून आले आणि मी चुलीच्या धुराला शिव्या घातल्या.

मग आजार आला. आधी डोळे पिवळे झाले, मग पोट फुगायला लागलं. हातपाय काड्या आणि पोट टम्म. पालघरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. पोट दाबून बघितलं आणि विचारलं, "रोज किती पितो?"

"नाय पीत," जिवल्या म्हणाला.

"सगळे असंच सांगतात. खरं बोल, नाहीतर औषध कसं देऊ?"

"सोडली मी. चार-पाच वर्सं झाली."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसला. मी म्हटलं, "डॉक्टर, खरंच सोडलीय त्याने." तो मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, लिव्हर आधीच खराब झालेलं असणार, आता फार काही होणार नाही. ते ऐकून जिवल्याला मरणाचं काही वाटलं नाही. पण बाहेर येऊन झाडाखाली बसला आणि म्हणाला, "बाय, त्याने इश्वास नाय ठेवला गं." पूर्ण रस्ताभर तेच. एस.टी.त बाजूला बसलेल्या अनोळखी बाईलाही त्याने सांगितलं, "मी पीत नाय." बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

आणि पाडा! पाड्याचं शहाणपण ऐका. "बघा, पीत होता तवा ठणठणीत होता. सोडली नि आजारी पडला." प्रत्येक जण येऊन हेच सांगायचा. भिका तर रोज थोडी घेऊन यायचा. "औषध म्हणून एक घोट. तुझ्या पोटातल्या किड्यांना सवय हाय, त्ये उपाशी मरतात म्हणून पोट फुगतंय." जिवल्या हसायचा, पोट दुखेपर्यंत हसायचा आणि डोणा बाजूला सारायचा. भिका तो तिथेच बसून पिऊन टाकायचा आणि डोळे पुसायचा. त्याचं प्रेमच तसं. त्याच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं.

एका दुपारी मी जिवल्याचे पाय चेपत बसले होते. तो म्हणाला, "बाय, माझा दिवस घालशील तवा भिकाच्या अंगात येईन बघ मी. त्याच्याच येतात सगले गडी."

"येऊ नको."

"त्ये माझ्या हातात हाय का? आनि तो मागनार. तुमी देनार." मग म्हणाला, "कोनी इश्वास नाय ठेवला. वॉचमननं नाय, डाक्टरनं नाय. निदान मेल्यावर तरी मला पाजू देऊ नको. नायतर म्हनतील, सोडलीबिडली काय नाय, बघा मागतोय. भागीच्या नावाने सोडली हाय मी." आणि मग त्याच्या जुन्या हसण्याने हसला. "नि वर गेल्यावर परत पयल्यापासून सुरू कराया लागंल. मुंग्या आठवतात ना?"

मी "हो" म्हटलं. पावसाळा सरता सरता तो गेला. शेवटपर्यंत शुद्धीवर होता. भागीचा हात हातात होता.

दिवस आला. मी सकाळपासून पाड्याच्या वाटेवर उभी. शाळेत पोरांची दप्तरं तपासायची मला सवय आहे. कोणी डाळ आणली, कोणी तांदूळ, कोणी कोंबडी, आणि प्रत्येकाकडे कुठेतरी एक बाटली. एकाच्या पागोट्यात निघाली. एका म्हातारीच्या ओटीत भाजीखाली निघाली. म्हातारी म्हणाली, "माझी नाय गं, त्याच्यासाठी आनली." मी म्हटलं, "त्याला नको, तुला हवी असेल तर घरी जाऊन पी." ती खरंच गेली, आणि बऱ्याच वेळाने गाणं म्हणत परत आली.

पण सुका भगत अडून बसला. "धरतरीला धार सोडल्याबिगर मी बसत नाय. देवाला तरी लागंल ना?" देवापुढे माझं काय चालणार? एक मडकं आत आलं. भिका आला तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. "भिका, तुझ्या अंगात यायचं नाही. सांगून ठेवते."

"नवसे, त्ये का माझ्या हातात हाय?"

दोघेही तेच! मी त्याला मडक्यापासून लांब, पार कुडाशी बसवला.

भर दुपार होती. भगताने दाणे टाकले, आमच्या मेलेल्या माणसांची नावं घेत गाणं सुरू केलं. जिवल्याचं नाव आलं तशी ठमीने पदर तोंडाशी धरला. तो गेल्यापासून ती रडली नव्हती. भट्टीवरून यावं तसं येऊन ती गप्प बसली होती. आणि भिका कुडाशी घुमायला लागला. मान हलली, खांदे हलले, डोळे वर गेले. मी मनात म्हटलं, थांब, तुला बघते. तर तो बोलला, "ए बाय."

भिका मला जन्मात कधी बाय म्हणाला नाही. नवसे म्हणतो. बाय म्हणणारा एकच होता.

"बाय, घसा सुकला. डोना भर."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "दे, दे. मागतोय तो." भगत म्हणाला, "नाय दिला तं दारातून हलायचा नाय." भगताला केरसुणी दाखवणारी मी, पंचांशी भांडणारी मी, जागच्या जागी खिळून राहिले. मरताना भाऊ म्हणाला पाजू नको, मेल्यावर भाऊ म्हणतो पाज. मी कोणाचं ऐकू? आणि तो खरंच जिवल्या असेल, तहानलेला असेल, तर?

तेवढ्यात ठमी उठली. मडक्याजवळ गेली. तिने डोणा घेतला आणि काठोकाठ भरला. मी म्हटलं, "ठमे!" तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एवढ्या वर्षांत तिने नवऱ्याला स्वतःच्या हाताने कधी डोणा भरून दिला नव्हता. तो तिने नेऊन भिकाच्या पुढ्यात ठेवला आणि त्याच्यासमोर बसली.

"माझा नवरा असशील तं तू पिनार नाय," ती म्हणाली. "भिका असशील तं पी. मी काय बोलनार नाय."

भगत गायचा थांबला. भिकाने डोणा उचलला. दारू मनगटावरून खाली गळत होती. डोणा ओठांपर्यंत गेला. आमच्या पाड्यावर भिकाच्या ओठांपर्यंत गेलेला डोणा कधी भरलेला परत आला नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. भागीने डोळे मिटून घेतले. मीही मिटले असते, पण मिटेनात.

डोणा खाली आला. त्याने तो जमिनीवर ठेवला आणि दोन बोटांनी ठमीकडे सरकवला.

"सोडली मी," तो म्हणाला. "सोडली ना, ठमे."

आणि आडवा झाला.

माझा मुलगा आता बारावी शिकलाय. तो म्हणतो, भिकाकाकाने दोस्तासाठी नाटक केलं. केलं असेल. मी म्हटलं, बाबा, भिकाने तोंडाशी आलेला डोणा खाली ठेवला, हे मेलेला माणूस परत येण्याहून कठीण आहे, तुला काय मानायचं ते मान.

भगताने भिकाच्या तोंडावर पाणी मारलं. भिका उठून बसला, इकडेतिकडे बघितलं, आणि पुढ्यात भरलेला डोणा दिसला.

"ह्यो कोनाचा?"

"तुझाच," ठमी म्हणाली. "आता पी."

भिकाने तो एका घोटात रिकामा केला, मनगटाने तोंड पुसलं आणि विचारलं, "जिवल्या आला व्हता का?"

ठमीने त्याच्या हातातून रिकामा डोणा घेतला.

"आला व्हता," ती म्हणाली. "नाय प्याला." आणि पदर तोंडाला न लावता, सगळ्या पाड्यासमोर, ती मोठ्याने रडायला लागली.